स्वरलेखनातील गृहीते

कल्याण मागे टाकून कर्जतकडे निघालेली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके घेत पुढे जाते, आणि या स्थानकांच्या पूर्व-पश्चिमेस जी दाट वस्ती पसरली आहे तिच्यात, चाळींतल्या खोल्यांपासून नव्या गृहसंकुलांच्या सभागृहांपर्यंत, दिवेलागणीच्या सुमारास पेटी, तबला, गायन आणि अलीकडे कीबोर्ड शिकवणारे वर्ग भरतात. त्यांतील पुष्कळसे विद्यार्थी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसतात. आणि प्रारंभिकपासून विशारदापर्यंतच्या पायऱ्या चढताना बंदिश गाता येणे जितके आवश्यक, तितकेच ती तालाच्या विभागांसह लिपिबद्ध करता येणेही आवश्यक असते. एका पिढीपूर्वी हे काम वहीत, पट्टी-पेन्सिलीच्या साहाय्याने होत असे. आज शिक्षक ते संगणकावर किंवा मोबाइलवर करतात, व्हॉट्सअ‍ॅपवरून विद्यार्थ्यांना धाडतात, आणि विद्यार्थी स्टेशन रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्याची प्रत काढून घेतात. या स्थित्यंतरात गुरू आणि शिष्य यांच्या दरम्यान एक तिसरा पक्ष, कोणाच्याही ध्यानीमनी नसताना, येऊन बसला आहे; तो म्हणजे ज्याने ते सॉफ्टवेअर रचले तो.

स्वरलेखनाचे कोणतेही सॉफ्टवेअर उघडून नवे पान मागितले, तर ते दिसायला कोरे असले तरी ताल कोणता, षड्ज कोठे, लय किती, कागद केवढा, अक्षर किती ठळक, याविषयीचे अनेक निर्णय त्यावर आधीच झालेले असतात. वापरणाऱ्याने दुसरे काही सांगितले नाही तर तेच अमलात येतात. संगणकाच्या व्यवहारात त्यांना डिफॉल्ट म्हणतात. या लेखापुरते त्यांना गृहीत म्हणू. उल्हासनगरच्या कॅम्पांत शिवल्या जाणाऱ्या तयार जीन्सचे माप जसे कोणा एका गिऱ्हाइकाचे नसते, कारागिराने कल्पिलेल्या सर्वसाधारण देहाचे असते, तसेच हे गृहीत रचनाकाराने कल्पिलेल्या सर्वसाधारण संगीतकारासाठी असते. ते बदलण्याची मुभा सर्वांस असते, परंतु ती बजावणारे थोडे. कारण बदल करण्यासाठी आधी येथे कोणीतरी काही ठरवून ठेवले आहे याची जाणीव व्हावी लागते, आणि गृहीताचे वैशिष्ट्यच असे की ते डोळ्यांत भरत नाही. म्हणून गृहीत निवडणे हे मला संपादकाच्या जबाबदारीइतके गंभीर काम वाटते.

आपल्याकडच्या वर्गांत सर्वाधिक आढळणारे, विनामूल्य मिळणारे मूसस्कोर हे सॉफ्टवेअर घ्या. व्हेर्नर श्वीअर या जर्मन रचनाकाराने २००२ च्या सुमारास ज्याचा आरंभ केला आणि ज्याची चौथी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये निघाली, ते हे सॉफ्टवेअर नव्या पानावर चार मात्रांचे माप, एकही कोमल-तीव्र चिन्ह नसलेले सी हे स्वरस्थान आणि बत्तीस खंड मांडून देते. आणि लय लिहिलेली नसल्यास मिनिटाला १२० ठोक्यांच्या गतीने वाजवते. हा १२० चा आकडा एकट्या मूसस्कोरचा नव्हे. संगणक आणि वाद्ये यांच्यात सुरांची देवाणघेवाण करणाऱ्या मिडी फाइलींचा जो नियम १९८८ मध्ये प्रमाण ठरला, त्यातच अशी तरतूद आहे की लय नमूद नसेल तर १२० आणि माप नमूद नसेल तर चार-चार समजावे. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या दृष्टीने ही तरतूद अगदी वाजवी होती. पण तीच आपल्या वर्गात आली म्हणजे काय होते ते पाहा. १२० च्या गतीने त्रितालाचे सोळा मात्रांचे आवर्तन आठ सेकंदांत संपते. मध्यलयीच्या छोट्या ख्यालाला ते कसेबसे चालेल. विलंबित एकतालात मात्र, जेथे बारा मात्रांच्या एका आवर्तनाला पाऊण ते एक मिनिट लागणे हीच वहिवाट आहे, तेथे तेच आवर्तन सहा सेकंदांत धावत संपते. आणि जो विद्यार्थी घरी बसून त्या यांत्रिक वादनाबरोबर सराव करतो, त्याच्या कानात लयीची कल्पनाच मुळात चुकीची रुजते. दोष यंत्राचा नाही, कारण त्याला विचारल्यास ते कोणतीही लय मान्य करते. परंतु विचारायचे असते हे त्या मुलाला कोणी सांगितलेले नसते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ज्याला आपण स्वरलिपी म्हणतो ती स्वतःच, संगणकाच्या कितीतरी आधीपासून, सुविचारित गृहीतांची एक व्यवस्था आहे. आणि ती सिद्ध करणारी दोन माणसे महाराष्ट्राची होती. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० मध्ये मुंबईत वाळकेश्वरी झाला. व्यवसायाने ते वकील, आणि कायद्याच्या माणसाची काटेकोर शिस्त त्यांच्या लिपीत पदोपदी दिसते. त्यांच्या पद्धतीत शुद्ध स्वराला चिन्ह नाही, मध्य सप्तकाला चिन्ह नाही, आणि एका मात्रेत एकच स्वर असेल तर त्यालाही चिन्ह नाही. कोमल स्वराखाली आडवी रेषा, तीव्र मध्यमावर उभी रेषा, मंद्र सप्तकासाठी खाली बिंदू, तार सप्तकासाठी वर बिंदू, एका मात्रेत अनेक स्वर आले तर त्यांच्याखाली कंस, समेवर गुणाकाराची फुली आणि कालावर शून्य, एवढ्यात बहुतेक काम भागते. जे वारंवार येते ते निःशब्द ठेवावे आणि जे अपवादाने येते त्यालाच खूण द्यावी, हे तत्त्व आज सॉफ्टवेअर रचणारे मोठ्या अभ्यासाने सांगतात. भातखंडे यांनी ते क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत, अठराशेहून अधिक बंदिशी लिहिताना, प्रत्यक्ष राबवून दाखवले होते.

आणि शुद्ध स्वर म्हणून कोणते सात स्वर खुणेवाचून ठेवावयाचे, हाही निर्णयच होता. प्राचीन ग्रंथांतील शुद्ध स्वरांचा मेळ आजच्या काफीच्या जवळपास जाणारा होता. पाटण्याच्या मुहम्मद रझा यांच्या ‘नगमात-ए-आसफी’ या १८१३ च्या ग्रंथात बिलावल हा शुद्ध मेळ मानलेला आढळतो, आणि भातखंडे यांनी प्रचारात रुळलेली तीच व्यवस्था आपल्या पद्धतीचा पाया म्हणून स्वीकारली. त्यांनी पोथीनिष्ठा बाजूला ठेवून गाणाऱ्यांच्या गळ्यातील वस्तुस्थितीला मान दिला, यात त्यांचे मोठेपण आहे. कर्नाटक पद्धतीत शुद्ध ऋषभ आणि शुद्ध गांधार यांची स्थाने आजही निराळी आहेत; तेव्हा शुद्ध म्हणजे निसर्गसिद्ध अशी समजूत कोणी करून घेऊ नये. बिलावल हे आपल्या संगीताचे सर्वांत यशस्वी गृहीत आहे, इतके यशस्वी की कोणी तरी ते निवडले होते याचाही आपल्याला विसर पडला आहे.

दुसरे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. १८७२ मध्ये कुरुंदवाडला जन्म, मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तालीम आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालयाची स्थापना, हा त्यांचा जीवनक्रम सर्वश्रुत आहे. त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी उभारलेल्या मंडळाच्याच परीक्षांना आमच्या बदलापूर-अंबरनाथची मुले बसतात. त्यांच्या लिपीने मात्र वेगळी गृहीते धरली. त्यांत प्रत्येक स्वराखाली त्याच्या कालमानाची खूण येते, त्यामुळे लेखन अधिक सूक्ष्म आणि अधिक गजबजलेले होते. समेवर १ चा आकडा आणि कालावर अधिकाचे चिन्ह येते. तार सप्तकासाठी स्वरावर उभी रेषा, आणि मंद्र सप्तकासाठी स्वरावर बिंदू. म्हणजे डोक्यावर बिंदू असलेला तोच षड्ज भातखंडे वाचणाऱ्याला तार सप्तकात नेतो आणि पलुस्कर वाचणाऱ्याला मंद्रात. दोघांत पुऱ्या दोन सप्तकांचे अंतर पडते. छापील पुस्तकाच्या आरंभी चिन्हांचा खुलासा असतो, म्हणून पुस्तकात हा घोटाळा होत नाही. परंतु व्हॉट्सअ‍ॅपवरून सुटे पान फिरू लागले की खुलासा मागे राहतो आणि बिंदू एकटाच पुढे जातो.

संगणकावर हा प्रश्न अधिक बिकट का होतो, हे समजण्यासाठी सामान्य टंकलेखनाचाच एक नमुना घेऊ. पुष्कळ शिक्षक सोयीसाठी रोमन अक्षरांत स्वर लिहितात. त्यात मोठ्या लिपीचे रे, ग, ध, नी म्हणजे शुद्ध, लहान लिपीचे म्हणजे कोमल, आणि मध्यमाच्या बाबतीत लहान म्हणजे शुद्ध व मोठा म्हणजे तीव्र, असा संकेत आहे. संकेत सुटसुटीत आहे. पण लेखनाची बहुतेक सॉफ्टवेअरे आणि मोबाइलचे कळफलक वाक्याचे पहिले अक्षर आपोआप मोठे करतात, कारण इंग्रजी गद्याचा तोच शिरस्ता आहे. आता भीमपलासाचा आरोह मंद्र कोमल निषादापासून सुरू होतो. शिक्षक लहान अक्षर टंकतात, यंत्र ते मोठे करते, आणि ओळीच्या तोंडी शुद्ध निषाद उभा राहतो. कोमल गांधाराबरोबर शुद्ध निषाद म्हणजे पटदीप. एका अक्षराच्या आपोआप झालेल्या दुरुस्तीने राग बदलला, आणि हे कोणाच्या अज्ञानामुळे घडले असेही नाही. शिक्षकाला राग ठाऊक होता, रचनाकाराला इंग्रजी व्याकरण ठाऊक होते. एकाचे गृहीत दुसऱ्याच्या कामात शिरले एवढेच.

देवनागरीत लिहिणाऱ्यांची अडचण निराळी आहे. तार सप्तकाचा बिंदू अनुस्वाराने आणि मंद्राचा नुक्त्याने भागवता येतो. कोमलाची आडवी रेषा आणि तीव्राची उभी रेषा यांसाठी तर युनिकोडमध्ये तयार चिन्हे आहेत, कारण ऋग्वेदाच्या छपाईत अनुदात्ताखाली आडवी आणि स्वरितावर उभी रेषा द्यावी लागते व ती चिन्हे त्यासाठी आधीच समाविष्ट झाली. वैदिक स्वरांच्या खुणा भीमपलासाच्या गांधाराला उपयोगी पडाव्यात, हा योगायोग मला फार सुंदर वाटतो. पण ही सोय ठाऊक नसलेले लोक कोमलासाठी अधोरेखनाचे बटन दाबतात, आणि मात्रेतील स्वरसमूहाचा कंस टंकता येत नाही म्हणून त्यासाठीही अधोरेखनच वापरतात; मग ‘गम’ या दोन अक्षरांखालची रेषा गांधार कोमल असल्याचे सांगते की दोन्ही स्वर एका मात्रेत असल्याचे, हे फक्त लिहिणाराच जाणे. एकाच चिन्हाला दोन अर्थ येऊ देऊ नयेत, हा कोणत्याही लिपीचा पहिला नियम आहे, आणि तो मोडला की पुढचे सारे सौष्ठव व्यर्थ जाते.

कीबोर्ड शिकणाऱ्यांना पाच रेषांचे पाश्चात्त्य लेखनही शिकावे लागते, आणि तेथे गृहीतांचा विचार सर्वांत फलदायी ठरतो. षड्ज सी वर धरला, तर भातखंडे यांच्या दहा थाटांपैकी सहा थाट पाश्चात्त्य आरंभचिन्हांत अचूक बसतात. बिलावलाला एकही चिन्ह लागत नाही. कल्याणाला एक तीव्र. खमाजाला एक कोमल, काफीला दोन, आसावरीला तीन आणि भैरवीला चार. ओळीच्या आरंभी ही चिन्हे एकदा ठेवली की भैरवीतील एकाही ऋषभ-गांधाराला वेगळी खूण द्यावी लागत नाही. उरलेले चार थाट, म्हणजे भैरव, मारवा, पूर्वी आणि तोडी, मात्र पाश्चात्त्यांच्या प्रचलित चिन्हसमूहांत बसत नाहीत. मारव्याला कोमल ऋषभ आणि तीव्र मध्यम एकाच वेळी हवेत, आणि असा समूह सॉफ्टवेअरच्या तयार यादीत सापडत नाही. तो आपण स्वतः घडवून जपून ठेवता येतो. हे काम एकदा करण्याचे आहे; ते न केल्यास प्रत्येक खंडात तीच दोन चिन्हे पुनःपुन्हा लिहावी लागतात, आणि ज्या रागाचे सारे व्यक्तित्व त्या दोन स्वरांत आहे, त्या रागात ते स्वर वाचणाऱ्याला आगंतुकासारखे दिसू लागतात.

तालाचेही असेच. चार मात्रांच्या गृहीत खंडात त्रिताल आणि केरवा सुखाने नांदतात. झपताल दहा मात्रांचा, विभाग दोन-तीन-दोन-तीन. तो चारचारच्या खंडांत ओतला तर सम आणि खंडारंभ यांची गाठ दर दोन आवर्तनांनी एकदाच पडते. सात मात्रांच्या रूपकात तीच गाठ पडायला चार आवर्तने लागतात. शिवाय रूपकाची पहिलीच मात्रा कालाची, हे पाश्चात्त्य मापाच्या पहिल्या ठोक्यावरील आघाताला मुळीच मानवत नाही. उपाय सोपा आहे: विभागांप्रमाणे खंडांची मापे ठेवावीत आणि एका ओळीत एकच आवर्तन बसवावे. सॉफ्टवेअर आपल्या मर्जीने कागदाची रुंदी भरेल तेथे ओळ तोडते. त्याऐवजी आवर्तनाच्या शेवटी तोडली की क्रमिक पुस्तकांप्रमाणे समेखाली सम आणि कालाखाली काल येतो, आणि तालाची रचना वाचण्यापूर्वीच डोळ्यांना समजते. त्रितालातील कितीतरी बंदिशी नवव्या मात्रेपासून, म्हणजे कालापासून उठतात. अशा वेळी ओळही तेथूनच सुरू करावी आणि सम मध्ये येऊ द्यावी. मुखडा समेवर कसा येऊन आदळतो हे विद्यार्थ्याला त्या मांडणीतून दिसते, आणि हे दिसणे मी सर्वांत मोलाचे मानतो.

पट्टीचा प्रश्न आमच्या पेटीवाल्यांनी फार पूर्वी सोडवलेला आहे. लिहिताना सा हा साच. गाताना कोणाची काळी एक, कोणाची पांढरी चार, कोणाची काळी पाच. सॉफ्टवेअरमध्येही लेखन सी वर ठेवून केवळ वादन गायकाच्या पट्टीत सरकवावे. लेखनच काळी एकवर नेले तर नवशिक्याच्या पुढ्यात चिन्हांचे रान माजते.

उल्हासनगराची आणखी एक बाब आहे, जी अन्यत्र सहसा उद्भवत नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी हे नगर वसवले. १९४९ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. तेथील वृद्धांची भजनांची वही अरबी वळणाच्या सिंधी लिपीत, उजवीकडून डावीकडे लिहिलेली असते. नातवंडे तीच भजने देवनागरीत वाचतात. स्वर डावीकडून उजवीकडे आणि शब्द उलट दिशेने, शिवाय अक्षरे एकमेकांना जोडलेली, अशा स्थितीत स्वराखाली अक्षर तोडून बसवणे कठीण होते. या कामी स्वरांखाली देवनागरी शब्द आणि पानाच्या तळाशी संपूर्ण पद सिंधी लिपीत, अशी मांडणी गृहीत धरावी असे मी सुचवीन. दोन्ही पिढ्यांना एकच पान चालेल.

कागदाविषयी थोडक्यात. संगणकावर प्रदेश म्हणून अमेरिका राहिलेली असेल, तर सॉफ्टवेअर २१६ बाय २७९ मिलिमीटरचा लेटर कागद धरते. दुकानातला कागद ए-फोर, २१० बाय २९७. सहा मिलिमीटर रुंदी कमी पडते, आणि मग एकतर उजवीकडची शेवटची मात्रा कडेला चिकटते किंवा दुकानदार सारे पान लहान करून काढतो व आधीच बारीक असलेले बिंदू दिसेनासे होतात. भजनी मंडळातील ज्येष्ठांसाठी अक्षर मोठे ठेवणे हे सौजन्य आहे, आणि तेही मूळ साच्यातच ठेवावे.

गृहीतांवर प्रामाणिक श्रम कसे घ्यावेत याचा एक आदर्श नेदरलंड्समध्ये घडला. हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोघा संगीतप्रेमी रचनाकारांनी १९९६ मध्ये लिलीपाँड हे सॉफ्टवेअर आरंभिले, आणि पुढे त्यांनी बाखच्या चेलोवादनाच्या रचनांची हाताने कोरलेली जुनी प्रत आणि संगणकाने काढलेली नवी प्रत शेजारी ठेवून, जुनी प्रत डोळ्यांना का सुखावते याचा बारकाईने शोध घेतला; रेषांची जाडी, स्वरांमधील अंतरे, चिन्हांची वळणे हे सारे त्या शोधातून ठरले. वापरणाऱ्याने काहीही न बदलता पान सुंदर निघावे, ही त्यांची प्रतिज्ञा होती. स्वरांची नावे मात्र त्यांनी डच रीतीने गृहीत धरली, कारण त्यांच्या घरची रीत तीच होती. अत्यंत विचारी माणसाच्या गृहीतातही त्याचे गाव असतेच, आणि म्हणूनच आपल्या गावाचे गृहीत आपण केले पाहिजे. ते दुसरा कोणी करून देणार नाही.

त्यात एक सावधगिरी बाळगावी. १९८८ पासून चालत आलेले फिनाले हे प्रतिष्ठित सॉफ्टवेअर पुढे विकसित होणार नाही, असे त्याच्या चालकांनी ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केले, आणि जगभरच्या असंख्य संगीतकारांचे दफ्तर एका दिवसात जुने झाले. आपला साचा आणि आपल्या बंदिशी यांची एक प्रत म्यूझिकएक्सएमएल या सर्वमान्य स्वरूपात, आणि एक प्रत कागदावर, ठेवावी.

आता उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील संगीतशिक्षकांना माझी विनंती. एखाद्या सुट्टीच्या दिवशी आपण एकत्र बसा, आणि नेहमीच्या तालांचे विभाग, दहा थाटांचे चिन्हसमूह, विलंबित-मध्य-द्रुत यांच्या वाजवी लयी, ए-फोर कागद, ठळक देवनागरी अक्षर आणि बंद केलेली आपोआप दुरुस्ती, एवढे एका साच्यात बसवून तो साचा सर्वांना विनामूल्य वाटा. विद्यार्थ्यांना तो देताना त्यातील प्रत्येक निर्णय का केला हे सांगा, म्हणजे तो बदलण्याचा अधिकार त्यांच्याकडेही पोहोचेल. आणि साचा तयार होईपर्यंत थांबायचे नसेल, तर आजच पाठवायच्या पानाच्या डोक्यावर ‘भातखंडे लिपी’ किंवा ‘पलुस्कर लिपी’ हे दोन शब्द तेवढे लिहा.